ऑर्डर नक्की कुठे पक्की झाली?

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारी एका आजींचा फोन आला. "अगं, मी बिनसाखरेचे खजुराचे लाडू सांगितले होते. तुझ्या डब्यातून तीन किलो अनारसे निघाले. आम्ही दोघंही मधुमेहाचे, काय करू यांचं?" चुकून डबा बदलला असेल, असं म्हणून मी माफी मागितली. फोन खाली ठेवते तोच दुसरा, आणि संध्याकाळपर्यंत अकरा.

डोंबिवलीत गेली चौदा वर्षं मी घरून भाजण्या विकते आणि दिवाळीत फराळ करून देते. पहिली अनेक वर्षं सगळा कारभार एका लाँगबुकात होता. डावीकडे नाव, उजवीकडे जिन्नस, पैसे आले की बरोबरची खूण. वहीवर तेलाचे डाग पडायचे, एकदा तर अख्खं पान पाकात चिकटलं होतं. पण एक होतं, माझ्या अक्षरात लिहिलं म्हणजे ऑर्डर पक्की, यात कुणाला शंका नसायची.

परदेशी पाठवायचे डबे वाढले तशी वही अपुरी पडायला लागली. ते पार्सल गणपती उठले की लगोलग घ्यावं लागतं आणि तिकडची माणसं आपल्या मध्यरात्री मेसेज टाकतात. तेव्हा माझ्या भाचीने सगळं ऑनलाइन करून दिलं. गुगल फॉर्म भरला की ऑर्डर आपोआप गुगल शीटमध्ये. व्हॉट्सॲप बिझनेसवर जिन्नसांचा कॅटलॉग, 'पैसे बाकी', 'डबा तयार' अशी लेबलं. मी तर हरखूनच गेले. सगळ्यांना सोपं पडावं म्हणून शीटची लिंक घरच्या ग्रुपवर टाकली, 'लिंक असेल त्या कुणालाही बदल करता येईल' अशा परवानगीसकट.

आता चूक सांगते. आमच्या मदतनीस ताईंना डब्यांवर चिठ्ठ्या लावायला नावं अकारविल्हे हवी होती. त्यांच्या मुलीने, पोरगी कॉलेजात जाणारी, हुशार, नाव, फोन आणि पत्ता एवढेच तीन कॉलम निवडले आणि क्रम लावला. माणसं सरकली, त्यांच्यासमोरचे जिन्नस मात्र जागेवरच राहिले. शीटने सांगितलं तेच केलं. बघणाऱ्याला वाटावं, यादी किती सुंदर लागली! तीन दिवसांत एकतीस डबे त्या सुंदर यादीवरून घरोघर गेले.

दोष मी त्या मुलीला देत नाही. तिच्या हातात यादी दिली ती मी. वही कधी कुणाच्या हातात दिली असती का? स्वयंपाकघरात आलेल्या शेजारणीलासुद्धा मी वहीला हात लावू दिला नव्हता.

रात्री भाचीला फोन लावला. ती बंगळुरूला नोकरीला. तिने सांगितलं, फाईल मेनूत जा, तिथे व्हर्जन हिस्टरी आहे, कोणी कधी काय बदललं ते दिसेल. दिसलं. मी घाईने जुनी आवृत्ती 'रिस्टोअर' केली आणि मधल्या तीन दिवसांत फोनवरून आलेल्या, शीटमध्ये हाताने भरलेल्या बावीस ऑर्डरी डोळ्यांसमोरून नाहीशा झाल्या. मला रडूच फुटलं. "मावशी, काही पुसलेलं नाही, नंतरची आवृत्तीही तिथेच आहे," ती शांतपणे म्हणाली. म्हणून हे लक्षात ठेवा: जुनी आवृत्ती थेट परत आणू नका, तिची वेगळी प्रत काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून जुळवा. फॉर्ममधून आलेल्या ऑर्डरी तर मूळ फॉर्मच्या 'रिस्पॉन्सेस'मध्येही शाबूत असतात, शीटमध्ये कितीही गोंधळ झाला तरी. पहाटे साडेतीनला यादी जुळली. एकतीस घरी नवे डबे दिले, चुकीचे परत मागितले नाहीत. त्या दिवाळीचा नफा तिथेच गेला.

त्यानंतर मी बसून विचार केला, की आमच्याकडे ऑर्डर पक्की होते ती नेमकी कुठे? काही व्हॉट्सॲपवर, काही फॉर्ममध्ये, काही फोनवर ऐकून माझ्या डोक्यात. साधनं चार आली, पण वही एकही नव्हती. आता शीट हीच वही. फोनवर कुणी काहीही सांगो, शीटमध्ये जाऊन ऑर्डरला नंबर पडत नाही तोवर ती झालेली नाही, आणि तसं मी गिऱ्हाइकालाही सांगते. तोच नंबर डब्यावर, तोच पैसे पाठवताना लिहायचा. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट मी पुरावा मानत नाही, बँकेच्या खात्यात बघते. यावरून दोन गिऱ्हाइकं रुसली, रुसू देत.

शीटमध्ये बदल करणारे आता दोघंच, मी आणि भाची. बाकीच्यांना फक्त बघता येतं. ताईंना त्यांच्या क्रमाने यादी हवी असते, त्यासाठी 'फिल्टर व्ह्यू' करून दिला आहे. त्यात त्यांनी नावं कशीही लावली तरी मूळ यादी हलत नाही. शिवाय रोज रात्री उद्याच्या डब्यांची यादी छापून ओट्यावरच्या भिंतीला लावते. भाची हसते.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. फॉर्म, शीट सगळं भाचीच्या खासगी जीमेलवर होतं. तिथली फुकट जागा १५ जीबी, आणि तीत तिचे फोटोही. जागा भरली की मेल यायचेच थांबतात. धंद्याचं खातं धंद्याच्याच नावाने उघडा, ते कितीही जिव्हाळ्याच्या माणसाच्या खात्यावर ठेवू नका. टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. त्यात फोन हरवला तर वापरायचे दहा बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर छापून घ्या. माझे दागिन्यांच्या डब्यात आहेत.

आणि ती लिंक! तिच्यात दीडशे घरांचे पत्ते, फोन नंबर होते, त्यातली कितीतरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची. ती ग्रुपमधून पुढे कुठे कुठे गेली, मला आजही सांगता येणार नाही. तुमचीही अशी एखादी यादी असेल, तर आज रात्री ती उघडा, वरच्या कोपऱ्यातलं 'शेअर' दाबा आणि तिथे कुणाकुणाची नावं आहेत ते एकदा वाचून काढा.