लेडी कॉन्स्टन्स आणि जेन वॉर्टन

बायकांसोबत पोलीस ठाण्यात, सरकारी दवाखान्यात, कोर्टाच्या आवारात जाणं हे माझं काम. या कामात नव्याने आलेल्या मुलींना मी कायद्याच्या कलमांआधी एका इंग्रज बाईची गोष्ट सांगते. तिचं नाव लेडी कॉन्स्टन्स लिटन. तिचं आयुष्य वाचताना आणि हे काम करताना जे समजत गेलं, ते इथे मांडते.

१. सवलत मिळाली की ती शेजारणीला का नाही मिळाली, हे विचारावं.

बायकांच्या मताधिकारासाठी फेब्रुवारी १९०९ मध्ये पार्लमेंटवर शिष्टमंडळ गेलं. त्यात कॉन्स्टन्सला अटक झाली आणि लंडनच्या हॉलोवे तुरुंगात तिची रवानगी झाली. हृदय कमजोर म्हणून तिला तुरुंगाच्या दवाखान्यात ठेवलं, बरोबरीच्या बायका मात्र कोठडीत. ही सवलत तिला फार सलली. आपल्यालाही कोठडीत ठेवावं म्हणून तिने स्वतःच्या छातीवर मताधिकाराची घोषणा कोरायला घेतली. पहिल्याच अक्षरापर्यंत ती पोचली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलला तिने मंत्र्यांचा निषेध म्हणून एका मोटारीवर दगड फेकला. तुरुंगात उपोषण केलं. थोड्याच दिवसांत तिची आणि एका नामवंत पत्रकाराच्या पत्नीची सुटका झाली. त्याच तुरुंगातल्या इतर उपोषणकर्त्या बायकांना नळी घालून सक्तीने अन्न भरवलं गेलं.

मी हे रोज बघते. मोठ्या सोसायटीत राहणारी बाई तक्रार घेऊन आली की खुर्ची पुढे येते, पाणी येतं, जबाब नीट लिहून घेतला जातो. धुणीभांडी करणारी बाई तशाच जखमा घेऊन आली की ‘नवरा-बायकोचं भांडण आहे, एनसी करून टाका’ (म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद) असं ऐकू येतं. म्हणून आमच्या वहीत तक्रारीसोबत आम्ही एक रकाना ठेवलाय: बाईला बसायला सांगितलं का?

२. कोणत्या घरात जन्मलो, यावर माणसाचा हिशेब संपत नाही.

कॉन्स्टन्सचे वडील लॉर्ड लिटन १८७६ ते १८८० या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. तिच्या बालपणाची काही वर्षं इथेच गेली. दख्खनमध्ये माणसं दुष्काळाने मरत असताना १ जानेवारी १८७७ ला याच लिटनने दिल्लीत दरबार भरवला. त्या दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, अंगावर खादी घालून गेले होते. पुढच्याच वर्षी लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला. इंग्रजी वृत्तपत्रांना तो लागू नव्हता. ज्या बापाने भाषा बघून माणसाचं तोंड बांधलं, त्याचीच ही लेक माणूस बघून बदलणाऱ्या न्यायाच्या विरोधात उभी राहिली. मला याचं फार मोल वाटतं.

३. ज्यांच्यावर अन्याय होतो, त्यांच्या रांगेत उभं राहून बघावं.

लिव्हरपूलच्या वॉल्टन तुरुंगात सेलिना मार्टिन आणि लेस्ली हॉल या दोघींचे हाल झाल्याचं कॉन्स्टन्सच्या कानावर आलं. तिने केस कापले, स्वस्तातले बेढब कपडे विकत घेतले, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि जेन वॉर्टन नावाची शिवणकाम करणारी बाई बनली. ‘जेन’ हे नाव तिने जोन ऑफ आर्कवरून घेतलं होतं. जानेवारी १९१० मध्ये तिने वॉल्टन तुरुंगाबाहेर निदर्शनं केली आणि ठरवून अटक करून घेतली. शिक्षा झाली चौदा दिवस सक्तमजुरीची.

जेनने अन्न नाकारलं. लेडी कॉन्स्टन्सचं जे हृदय न्यूकॅसलला सुटकेचं कारण ठरलं होतं, ते शिवणकाम करणाऱ्या जेनच्या छातीत आहे का, हे नळी घालण्याआधी कुणी तपासलंही नाही. तोंड जबरदस्तीने उघडून नळी पोटापर्यंत उतरवली. तिला ओकारी झाली, कपडे आणि केस भरले. काम उरकल्यावर डॉक्टरने तिच्या गालावर चापट मारली. असं आठ वेळा झालं. अखेर ओळख उघड झाली आणि तिला सोडावं लागलं. बहीण एमिली तिला न्यायला आली. नवी दिल्ली रचणाऱ्या लटेन्सची ही बायको.

बाई तीच, आजार तोच. बदललं होतं फक्त नाव आणि कपडे. तुरुंग कुणाला कसं वागवतो हे दाखवणारा याहून पक्का पुरावा मला माहीत नाही.

४. पुरावा दिला तरी पाठपुरावा करावाच लागतो.

सरकारने जेनच्या छळाचे आरोप नाकारले. कॉन्स्टन्सचा भाऊ, लॉर्ड व्हिक्टर लिटन, चौकशीची मागणी लावून धरत राहिला. १९१० मध्येच गृहमंत्री चर्चिल यांनी मताधिकारासाठी तुरुंगात गेलेल्या कैद्यांना काही सवलती देणारा नियम आणला, पण नळीने भरवणं पुढेही चालू राहिलं. माझ्या मनाला टोचतं ते असं, की जेनचे हाल देशभर चर्चेला आले ते ती लेडी निघाली म्हणून. खरी शिवणकाम करणारी बाई असती तर तिचं ऐकलं कुणी असतं? आमच्याकडेही साहेबांच्या ओळखीचा फोन गेला की कागद हलतो. अशा फोनने एका बाईचं काम होतं, म्हणून आम्ही तो करतो. पण पुढच्या बाईसाठी लेखी तक्रार, पोच आणि वरिष्ठांना अर्ज हाच रस्ता आम्ही धरून ठेवतो.

५. शरीर किंमत मोजतं.

१९१२ मध्ये कॉन्स्टन्सला पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात गेला. डाव्या हाताने तिने तुरुंगाचे अनुभव लिहिले. १९१४ मध्ये निघालेल्या त्या पुस्तकावर लेखिका म्हणून दोन नावं आहेत: कॉन्स्टन्स लिटन आणि जेन वॉर्टन. ब्रिटनमध्ये १९१८ साली तिशीपुढच्या, मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना मत मिळालं. १९२३ मध्ये, ५४ व्या वर्षी, ती गेली. पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ उजाडलं.

तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना कधी ठाण्यात जायची वेळ आली, तर त्यांच्यासोबत जा. बोलू द्या त्यांनाच, तुम्ही शेजारी बसा. आणि एफआयआर झाला की त्याची प्रत त्यांच्या हातात पडल्याशिवाय उठू नका. तक्रार देणाऱ्याला ती विनामूल्य मिळते, कायद्याने.