मनावरचा ताण: ओळखावा कसा, हलका करावा कसा?



‘टेन्शन’ हा शब्द आता आपल्या घराघरांत रुळला आहे. शेतकऱ्याला पावसाचे टेन्शन, आईला मुलीच्या बारावीचे, शिक्षकाला बदलीचे, मजुराला उद्याच्या कामाचे. शब्द रोजचा झाला म्हणून त्यामागचे दुखणे मात्र लहान झालेले नाही. म्हणून या रविवारी आपण हा विषय थोडा नीट समजून घेऊ या.

ताण म्हणजे काय?

अंगावर बैल धावून आला तर आपण विचार करीत बसत नाही. छाती धडधडते, श्वास वाढतो, हातापायांत बळ येते आणि आपण बाजूला उडी मारतो. ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही शरीरातील रसायने हे काम करतात. बैल निघून गेला की शरीर पुन्हा शांत होते. असा थोडा वेळचा ताण वाईट नाही. देवाने आपल्या रक्षणासाठीच शरीरात ही सोय केली आहे.

हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली दाखवून दिले की, त्रास कोणताही असो, शरीर त्याला बरेचसे एकाच पद्धतीने तोंड देते. अडचण अशी की कर्ज, घरातले आजारपण, मुलाची बेकारी, नवऱ्याचे व्यसन हे ‘बैल’ निघून जात नाहीत. ते महिनोन्‌महिने अंगणातच उभे असतात. मग शरीरही महिनोन्‌महिने सावध राहते आणि शेवटी थकते.

आपल्या जिल्ह्यातील ताण

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. पुढे आठच वर्षांनी, जुलै २००६ मध्ये, तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वर्धा यांच्यासोबत त्यात आपले वाशीमही होते. त्या मदतीत कर्ज, सिंचन आणि बियाणे यांचा विचार होता. मनावरच्या ओझ्याची दखल मात्र गावातच, माणसामाणसांत घ्यावी लागते.

हे ओझे वर्षभर सारखे नसते. जूनमध्ये बियाणे, खत आणि शाळेचा खर्च एकदम अंगावर येतो. पावसाने दडी मारली की दुबार पेरणीची धास्ती. सोयाबीन सोंगणीला आले की परतीच्या पावसाची भीती, नंतर बाजारभावाची. आणि मार्चअखेर पीककर्ज. शेती नसलेल्या घरांनाही हे चुकत नाही. हंगाम गेला की मजुरी जाते, दुकानाची उधारी थकते. म्हणजे आपल्याकडे ताणाचे महिने आधीच ठाऊक असतात. एकमेकांची विचारपूसही मग आधीच करता येईल.

ताण कसा ओळखावा?

पुष्कळदा तो शरीरावाटे बोलतो. पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. डोके, मान, पाठ दुखते. भूक मरते, पित्त वाढते. लहान गोष्टीवरून राग येतो. माणूस लोकांत मिसळणे टाळतो, मिस्साला यायचे सोडतो, दारूकडे वळतो. स्त्रियांच्या बाबतीत ‘अंगात कणकण आहे’, ‘कशात मन लागत नाही’ एवढेच ऐकू येते आणि घरातले ते सोडून देतात. अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखत असेल, तर ‘टेन्शन असेल’ असे म्हणून घरी थांबू नये. आधी दवाखाना गाठावा.

माझी श्रद्धा कमी पडली का?

आपल्यापैकी पुष्कळांना हाच प्रश्न आतून खातो. ‘मी प्रार्थना करतो, तरी मन खचते. म्हणजे माझा विश्वासच कच्चा.’ बायबल असे सांगत नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९वा अध्याय घरी वाचून पाहावा. एलीया हा मोठा संदेष्टा. राणीच्या धमकीने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाजवळ मरण मागू लागला. देवाने त्याला दोष दिला नाही. त्याला झोपू दिले. देवदूताने त्याला उठवून भाकर आणि पाणी दिले, तो पुन्हा झोपला, आणि दूताने त्याला दुसऱ्यांदा खाऊ घातले. त्यानंतरच पुढच्या प्रवासाची गोष्ट निघाली. आधी विश्रांती, अन्न आणि कोणाचा तरी हात, उपदेश नंतर.

गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही आपले दुःख झाकून ठेवले नाही. ते शिष्यांना सांगितले आणि आपल्यासोबत जागे राहण्याची विनंती केली. प्रभूने जे सांगितले, ते सांगायला आपण का लाजावे?

ताण हलका कसा करावा?

१. घरात खरे सांगा. कर्जाचा आकडा पत्नीपासून, आईवडिलांपासून लपवणारे पुष्कळ असतात. लपवलेला आकडा रात्री मोठा होतो. तो कागदावर लिहा: कोणाचे किती, कधी द्यायचे. मग बँकेत किंवा सोसायटीत जाऊन मुदतीबद्दल बोला. परवाना नसलेला सावकार छळत असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

२. श्वास सावकाश करा. नाकाने श्वास घ्या आणि घेतला त्याहून हळू सोडा. असे पाच मिनिटे करा. सावकाश श्वासाने छातीची धडधड कमी होते.

३. झोप सांभाळा. संध्याकाळनंतर चहा टाळा, मोबाईल बाजूला ठेवा. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती मोडकी असते आणि दुसऱ्या दिवशी मन अधिकच उदास होते.

४. कामे वाटून घ्या. रविवारी तरी घरातल्या बाईला तासभर खरी विश्रांती मिळू द्या.

५. कीटकनाशके कुलपात ठेवा, घरापासून दूर. टोकाचा विचार पुष्कळदा काही वेळच टिकतो. त्या वेळी घातक वस्तू हाताशी नसली तर जीव वाचतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणल्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण खूप खाली आले, हा अनुभव जगासमोर आहे.

ऐकणाऱ्याने काय करावे?

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबवला गेला. गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांचे ऐकून घेतले, धीर दिला आणि गरज असेल त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी १०० मध्ये सुमारे ४ होते. दीड वर्षात ते २७ झाले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. म्हणजे ऐकणे हे साधे दिसणारे काम किती मोलाचे आहे!

म्हणून कोणी मन मोकळे करू लागला, तर मध्येच ‘देवावर सोड’ म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. आधी पूर्ण ऐका. ‘माझ्यानंतर पोरांकडे बघा’ असे कोणी बोलला, तर हसण्यावारी नेऊ नका. ‘जीव देण्याचा विचार येतो का?’ असे शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट माणसाला सुटल्यासारखे वाटते. त्याला एकटे सोडू नका, दवाखान्यात सोबत जा. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतून बोलता येते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नेही आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानले आहे. ख्रिस्तसभेची धर्मशिकवणही सांगते की तीव्र मानसिक त्रासात माणसाची जबाबदारी कमी होते. अशा मृतांसाठी ख्रिस्तसभा प्रार्थना करते. म्हणून ज्या घरावर हे दुःख कोसळले आहे, त्या घराकडे बोट दाखवू नये. त्या घरी जावे, बसावे.

या आठवड्यात घरी बोलण्यासाठी

• आपल्या घरात कोणता ‘बैल’ अंगणात उभा आहे? त्याबद्दल आपण शेवटचे कधी बोललो?
• आपल्या गल्लीत, वाडीत कोण बरेच दिवस दिसले नाही?

त्या एका माणसाच्या घरी या आठवड्यात एकदा जाऊ या. चहा घेऊ या आणि तो बोलेल तेवढे ऐकू या.