सुरक्षा-सॉफ्टवेअरमधील दोष कसा कळवावा?

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात काळी नदीवर गणेशगुडी येथे सुपा धरण आहे. १०१ मीटर उंचीच्या या काँक्रीटच्या धरणाच्या जलाशयात जुने सुपा गाव बुडाले व तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. अशा धरणांत पाण्याचा पाझर नियमाने मोजावा लागतो. ‘पाझर वाढला आहे’ एवढेच कळविल्यास अभियंत्यास फारसे काही करता येत नाही. पाझर कोठे, केव्हापासून, किती आणि त्या वेळी जलाशयाची पातळी काय होती, हे समजले तरच कारणाचा शोध लागतो. संगणकांच्या जाळ्याचे रक्षण करणाऱ्या सॉफ्टवेअरलाही हाच न्याय लागू आहे.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणासही पाहता, तपासता व सुधारता येते. जाळ्यातील संशयास्पद हालचाल टिपणारे सुरिकाटा, वाहतुकीचे पृथक्करण करणारे वायरशार्क व संदेश गुप्त राखणारे ओपनएसएसएल ही त्याची उदाहरणे होत. परंतु सर्वांस खुले आहे म्हणून कोणीतरी तपासलेच असेल, असे गृहीत धरणे योग्य नव्हे. मार्च २०१२ मध्ये प्रसृत झालेल्या ओपनएसएसएलच्या आवृत्तीतील ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष एप्रिल २०१४ पर्यंत उघडकीस आला नव्हता.

एक बोधप्रद उदाहरण

मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की, डेबियन प्रणालीच्या अस्थिर (विकासाधीन) आवृत्तीवर दूरस्थ संगणकात प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत आहे. त्यांनी दुर्लक्ष न करता मोजमाप केले. तेव्हा ‘एक्सझेड’ या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर चोरवाट ठेवल्याचे निष्पन्न झाले. सामान्यतः दोष प्रथम मूळ निर्मात्यांस कळवावयाचा असतो. येथे त्यांच्याच बाजूने घात झाल्याचा संशय असल्याने फ्रॉइंड यांनी तो आधी प्रणाली-वितरकांच्या सुरक्षा-पथकांस खाजगीरीत्या कळविला. नंतर २९ मार्च रोजी तो जाहीर झाला.

अहवालात काय असावे?

१. सॉफ्टवेअरचे नाव, नेमकी आवृत्ती, संगणक-प्रणाली आणि ते कोठून मिळविले.

२. दोष पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्या, क्रमवार.

३. काय अपेक्षित होते व प्रत्यक्षात काय घडले. त्रुटीचा संदेश जसाच्या तसा द्यावा.

४. दोष नेहमी घडतो की क्वचित, आणि नव्या आवृत्तीत तो आढळतो काय.

एका अहवालात एकच दोष मांडावा. आपला तर्क लिहावयाचा असल्यास तो निरीक्षणापासून वेगळा ठेवावा.

कोणास कळवावे?

पडद्यावरील अक्षरे चुकणे यांसारखा साधा दोष प्रकल्पाच्या जाहीर नोंदवहीत लिहिण्यास हरकत नाही. तत्पूर्वी तोच दोष अगोदर नोंदला गेला आहे काय, हे पाहावे. मात्र ज्या दोषामुळे परक्यास आत शिरता येईल, तो प्रकल्पाने सुरक्षेसाठी नेमून दिलेल्या खाजगी पत्त्यावरच पाठवावा. दुरुस्तीपूर्वी जाहीर केलेला दोष चोरास वाट दाखवितो. ९० दिवसांची मुदत देऊन मगच तो प्रसिद्ध करण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. निर्मात्यांकडून उत्तर न आल्यास केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेकडे जाता येते. सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवर आधारित आहे. अशा प्रणालीतून सॉफ्टवेअर मिळाले असल्यास तिच्या वितरकांसही कळविणे इष्ट.

प्रत्यक्ष हल्ला झाला असल्यास मात्र प्रश्न निराळा. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार निर्दिष्ट प्रकारच्या घटना शासकीय कार्यालयांनीही ६ तासांच्या आत सर्ट-इनला कळविणे बंधनकारक आहे.

दक्षता

पुराव्यादाखल जोडलेल्या वाहतुकीच्या नोंदीत संकेतशब्द वा नागरिकांची खाजगी माहिती असू शकते. शक्यतो चाचणीच्या संगणकावर, बनावट माहिती वापरून दोष घडवावा व आवश्यक तेवढाच भाग पाठवावा. दुसऱ्याच्या यंत्रणेवर परवानगीवाचून प्रयोग करणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमान्वये गुन्हा ठरू शकतो. कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी प्रथम आपल्या वरिष्ठांस लेखी कळवावे.

दोष शोधण्यास तज्ज्ञच हवा असे नाही. अर्ध्या सेकंदाचा विलंबही टिपून ठेवणारी दृष्टी व तो नेमकेपणाने योग्य ठिकाणी पोहोचविण्याची शिस्त, एवढे अंगी असले म्हणजे कोणताही कर्मचारी हे कर्तव्य पार पाडू शकेल.