भिंत कुणाची, ते आधी विचारा

लंडनमधलं आमचं घर व्हिक्टोरियन काळातलं. मूळचं एका कुटुंबाचं, पुढे कुणीतरी त्याचे तीन फ्लॅट केले. आमचा मधला. गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवायचं वारं सध्या इथे जोरात आहे. इंग्लंड-वेल्समध्ये सरकार ७,५०० पौंडांचं अनुदान देतं आणि कंत्राटदार ते बिलातून परस्पर वजा करतो. त्यामुळे ओळखीतल्या मराठी मंडळींचे फोन येतात, "तुम्ही बसवलाय ना? कसा आहे?" पंप उत्तम आहे. पण तो बसेपर्यंत जे झालं ते ऐकून मगच पैसे भरा, कारण स्वतंत्र घरवाल्यांना यातलं निम्मं भोगावं लागत नाही.

पहिला प्रश्न यंत्राचा नसतोच, मालकीचा असतो. पुण्यात सोसायटीची एनओसी आणली की निदान कामाला हात लावता येतो. इथे आमचा फ्लॅट लीजवर, आतला गिलावा आमचा, त्यामागची वीट इमारतीच्या मूळ मालकाची आणि मागची बाग तळमजल्याची. मग पंपाचं बाहेरचं युनिट ठेवायचं कुठे? पहिल्या कंपनीच्या माणसाने मागच्या भिंतीवर, थेट वरच्या शेजारणीच्या झोपायच्या खोलीखाली पेन्सिलने चौकोन काढला आणि म्हणाला, "इथे ब्रॅकेटवर टांगू." ती नाही म्हणाली, आणि तिचं बरोबरच होतं. भिंतीला टांगलेल्या युनिटची घरघर विटांमधून वर चढते. शेवटी बागेच्या कोपऱ्यात, जमिनीवर रबरी पायांवर ते बसलं.

त्यासाठी मूळ मालकाची लेखी परवानगी लागली आणि तळमजल्याशी स्वतंत्र करार करावा लागला. सर्व्हिसिंगला माणूस बागेतून कधी येणार, पाणी कुठे जाणार, सगळं त्यात आहे. शेजारी कितीही गोड असले तरी तोंडी होकारावर काम सुरू करू नका. फ्लॅट विकला गेला की नव्या माणसाला त्या होकाराचं काही देणंघेणं नसतं. घर संरक्षित भागात असेल तर नगरपालिकेला आधीच विचारा.

पाण्याचं का लिहिलं, तर दमट थंडीत युनिटवर बर्फ धरतो. मग यंत्र थोडा वेळ उलटं चालून तो वितळवतं आणि बरंच पाणी खाली पडतं. ते फरशीवर गेलं की सकाळी तिथे काचेसारखा बर्फ. खाली खडीचा खड्डा करून घ्या.

आता घराच्या आतलं. त्याच पहिल्या माणसाने चौरस मीटर मोजले, फोनवर गुणाकार केला आणि यंत्राचा आकार सांगून मोकळा झाला. दुसऱ्या इंजिनिअर बाईंनी आल्या आल्या जमिनीची एक फळी उचलायला लावली. खाली धुळीत, करंगळीएवढे, दहा मिलिमीटरचे तांब्याचे पाइप! बॉयलरच्या सत्तर अंशांच्या पाण्याला ते पुरत होते. हीट पंप ४५-५० अंशांवर खरा परवडतो, आणि कोमट पाण्याने तेवढीच ऊब पोचवायची तर पाणी जास्त खेळवावं लागतं, रेडिएटरही मोठे लागतात. त्यात दोन पाइप चक्क खालच्या फ्लॅटच्या छतातून गेलेले. ते सोडून नवे टाकावे लागले.

बाईंनी खोलीगणिक उष्णतेची गळती काढली. नऊ इंची भरीव भिंती, वर सरकणाऱ्या जुन्या खिडक्या. आणि मग मला फार आवडलेला प्रश्न विचारला, "वरचे लोक हिवाळ्यात घरी असतात का?" वरची शेजारीण थंडीत स्पेनला जाते. म्हणजे आमच्या डोक्यावर सगळा हिवाळा गार मजला. गणितात शेजारचं घर गरम धरलेलं असू शकतं. हा प्रश्न तुमच्याकडे कुणी विचारला नाही, तर तुम्ही विचारा. "असू दे थोडा मोठा पंप" हा सल्ला मात्र ऐकू नका. मोठा पंप सारखा चालू-बंद होतो, वीज खातो आणि लवकर झिजतो. आधी खिडक्यांच्या फटी बुजवा, ते स्वस्त आहे.

काँबी बॉयलर असेल तर घरात गरम पाण्याची टाकी नसते आणि हीट पंपाला ती लागते. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, वर टाकीचं वजन वेगळं. जुन्या लाकडी तुळयांवर ते कुठे ठेवायचं हे जाणकाराला दाखवूनच ठरवा. आमचं कपड्यांचं कपाट त्यात गेलं.

बिलाबद्दल स्वप्नं विकली जातात. इथे विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग आहे. पंपाने एका युनिटात तीन युनिटं ऊब दिली तरी बचत होईलच असं नाही, चाराच्या जवळ गेला तर होते. म्हणून बसवणाऱ्याला जाण्याआधी पाण्याचं तापमान बाहेरच्या हवेप्रमाणे आपोआप बदलेल असं लावायला सांगा, आणि मग पंप दिवसभर मंद चालू द्या. तासाभरासाठी चालू करून बंद करायची बॉयलरची सवय इथे महागात पडते. शेगडी गॅसची असेल तर तीही बदलून मीटर काढून घ्या, नाहीतर गॅस न जाळता रोजचा स्थिर आकार भरत बसाल.