हाती बंदूक असेल तर : परवाना, ओळख आणि पोलिसांचे अधिकार

खांद्यावर बंदूक टाकून वाटेने जाणाऱ्या इसमास पोलिसाने थांबविले आणि नाव-गाव विचारले, तर ते सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे काय? त्याने कोणताही गुन्हा केलेला नाही, कोणाला धमकावलेले नाही, तो केवळ आपल्या शेताकडे चालला आहे, असे गृहीत धरले तरी हा प्रश्न उरतोच. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या डोंगराळ मुलखात रानडुकरे आणि वानरे यांच्यापासून भातशेतीची व बागायतीची राखण करण्यासाठी बंदुकीचा परवाना घेतलेले शेतकरी आहेत. अन्य भागांतही आत्मसंरक्षणासाठी परवाना घेतलेले नागरिक आढळतात. अशा नागरिकाची आणि रात्रीच्या गस्तीवरील पोलीस शिपायाची गाठ पडते तेव्हा दोघांनाही आपापली मर्यादा ठाऊक असणे अगत्याचे असते. एकाच्या अज्ञानामुळे निरपराध माणसाला अटक होऊ शकते, तर दुसऱ्याच्या गाफीलपणामुळे एखादे बेकायदा शस्त्र गावात शिरू शकते.

हक्क नव्हे, सशर्त मुभा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी आपल्या देशात शस्त्र बाळगण्याचे कायदेशीर स्वरूप काय आहे, हे पाहिले पाहिजे. ब्रिटिश राजवटीत लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्र कायदा झाला. त्यातील परवान्याचे बंधन भारतीयांवर लादले गेले, मात्र युरोपीय लोकांना त्यातून सूट मिळाली. हा भेदभाव सुशिक्षितांच्या मनात दीर्घकाळ सलत राहिला. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांविषयी जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश होता, तो याच पार्श्वभूमीवर.

स्वातंत्र्यानंतर मात्र घटनाकारांनी निराळा विचार केला. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना मांडली, ती सभेने स्वीकारली नाही. उलट, एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देणाऱ्या अनुच्छेद १९ मध्ये ‘शांततेने व विनाशस्त्र’ ही अट घालण्यात आली. पुढे १९५९ चा शस्त्र अधिनियम संमत झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३ नुसार परवान्यावाचून कोणासही अग्निशस्त्र मिळविता, बाळगता किंवा बरोबर नेता येत नाही.  थोडक्यात, आपल्या देशात बंदूक ही शासनाने काही अटींवर दिलेली मुभा आहे. मुभा घेणाऱ्याने ती आपणास मिळाली असल्याचे दाखविले पाहिजे, या तत्त्वावर पुढील सर्व तरतुदी उभ्या आहेत.

कलम १९ : तीन पायऱ्या

ओळख देण्याच्या प्रश्नाचे थेट उत्तर शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ मध्ये आहे. या कलमाची रचना तीन पायऱ्यांची असून प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे समजून घेतली पाहिजे.

पहिली पायरी परवान्याची. शस्त्र किंवा दारूगोळा बरोबर नेणाऱ्या कोणत्याही इसमाकडे कोणताही पोलीस अधिकारी परवाना दाखविण्याची मागणी करू शकतो. केंद्र शासनाने खास अधिकार दिलेल्या अन्य अधिकाऱ्यांनाही हा अधिकार आहे. या मागणीसाठी संशयाचे कारण असावे लागत नाही. हाती शस्त्र असणे एवढेच कारण पुरेसे होते.

दुसरी पायरी नाव-पत्त्याची. त्या इसमाने परवाना दाखविला नाही, किंवा परवान्यावाचून शस्त्र नेण्यास आपण कायद्याने पात्र आहोत हेही दाखवून दिले नाही, तर अधिकारी त्यास नाव व पत्ता सांगण्यास फर्मावू शकतो. आवश्यक वाटल्यास शस्त्र व दारूगोळा जप्तही करू शकतो. येथे ‘आवश्यक वाटल्यास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. परवाना घरी राहिला म्हणून बंदूक जप्त झालीच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. परिस्थिती पाहून निर्णय घेण्याची जबाबदारी तो अधिकाऱ्यावर टाकतो.

तिसरी पायरी अटकेची. त्या इसमाने नाव-पत्ता सांगण्यास नकार दिला, अथवा सांगितलेले नाव-पत्ता खोटे असल्याचा किंवा तो पळून जाण्याच्या बेतात असल्याचा अधिकाऱ्यास संशय आला, तर त्यास वॉरंटावाचून अटक करता येते. म्हणजे कलम १९ खालील अटक ही केवळ परवाना जवळ नसल्यामुळे होत नाही. ती ओळख लपविण्यामुळे होते. परवाना मुळातच नसेल, तर ती गोष्ट वेगळी. तो कलम २५ खालील स्वतंत्र गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण अग्निशस्त्राच्या बाबतीत त्यास किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे.

परवान्यावाचून शस्त्र नेण्यास पात्र असणारे लोकही आहेत. शीख बांधवांनी कृपाण धारण करणे हे धर्माचरणाचा भाग असल्याचे अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच नमूद आहे. कर्नाटकातील कोडगू येथील कोडवा समाजाला व जम्मा जमीनधारकांना केंद्र शासनाने परवान्यातून दिलेली सूट २०२९ पर्यंत चालू ठेवण्यात आली आहे. परंतु सूट असलेल्यानेही, विचारणा झाल्यास, आपण त्या सवलतीस पात्र आहोत हे दाखवून द्यावयाचे असते.

परवाना असला तरी

परवाना खिशात आहे म्हणजे बंदूक कशीही मिरवावी, असा काहींचा समज असतो. तो चुकीचा आहे. कलम २० नुसार शस्त्र ज्या रीतीने किंवा ज्या परिस्थितीत नेले जात आहे त्यावरून त्याचा बेकायदा कामासाठी उपयोग होईल असा रास्त संशय येत असेल, तर परवाना असो वा नसो, त्या इसमास वॉरंटावाचून अटक करता येते. हा अधिकार दंडाधिकारी व पोलीस यांच्याप्रमाणेच अन्य लोकसेवकांना, तसेच रेल्वे व इतर वाहनांवर काम करणाऱ्यांनाही दिलेला आहे. अर्थात, निःशस्त्र लोकसेवकाने स्वतः बंदुकीला हात घालण्यापेक्षा तत्काळ पोलीस ठाण्यास कळविणे केव्हाही शहाणपणाचे.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी तर सार्वजनिक ठिकाणी बंदूक उघडी नेण्यावरच बंधन घातले आहे. लांब नळीची बंदूक तिच्यासाठी बनविलेल्या खोळीत असली पाहिजे, ती पूर्णपणे झाकलेली असली पाहिजे आणि नेणाऱ्याचा तिच्यावर पुरता ताबा असला पाहिजे. शस्त्र परजणे किंवा सार्वजनिक ठिकाणी बार काढणे यांसही मज्जाव आहे. लग्नाच्या वरातीत वा विजयाच्या मिरवणुकीत बंदुकीचे बार काढून इतरांचे प्राण धोक्यात आणणाऱ्यास, २०१९ च्या दुरुस्तीनुसार, दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अमेरिकेतील वेगळी वाट

आपल्या कायद्याचे वैशिष्ट्य तुलनेने अधिक उठून दिसते. अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला आहे. तेथील अनेक राज्यांत रायफल किंवा शॉटगन उघडपणे नेण्यास परवाना लागत नाही. काही राज्यांनी मात्र त्यावर कडक बंधने घातली आहेत. जेथे परवानाच लागत नाही, तेथे तो दाखविण्याची मागणी कशाच्या आधारे करावयाची, असा पेच तेथील पोलिसांपुढे उभा राहतो.

त्याचे उत्तर तेथील न्यायालयांनी टप्प्याटप्प्याने दिले आहे. एखाद्या व्यक्तीस अल्पकाळ रोखून धरण्यासाठी गुन्ह्याचा वाजवी संशय असला पाहिजे, हे तत्त्व अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली घालून दिले. असा संशय नसताना नाव सांगण्यास नकार दिला म्हणून शिक्षा करता येणार नाही, असे टेक्सासमधील प्रकरणात १९७९ साली ठरले. मात्र संशय वाजवी असेल आणि राज्याच्या कायद्यात तशी तरतूद असेल, तर नाव सांगण्याची सक्ती करता येते, असा निर्णय नेवाडातील प्रकरणात २००४ साली झाला. उघडपणे शस्त्र नेणे जेथे कायदेशीर आहे तेथे केवळ तेवढ्यावरून संशय घेता येत नाही, असे ओहायोतील एका प्रकरणात तेथील संघीय अपील न्यायालयाने २०१५ साली म्हटले. सारांश, तेथे संशय आधी व ओळख नंतर, तर आपल्याकडे शस्त्र दिसताच परवान्याची विचारणा. हक्क आणि मुभा यांतील भेद व्यवहारात असा उतरतो.

पोलिसांवरील बंधने

कलम १९ ने दिलेला अधिकार व्यापक असला, तरी तो अमर्याद नाही. पहिली गोष्ट म्हणजे तो शस्त्र बरोबर नेणाऱ्या इसमापुरता आहे. घरात ठेवलेल्या बंदुकीसाठी या कलमाचा आधार घेऊन झडती घेता येत नाही. शस्त्राचा बेकायदा उपयोग होण्याचा किंवा सार्वजनिक शांततेस धोका असल्याचा विश्वास वाटल्यास, त्याची कारणे लेखी नमूद करून दंडाधिकारी कलम २२ अन्वये झडतीचा आदेश देऊ शकतात.

दुसरी गोष्ट अशी, की निःशस्त्र वाटसरूला हा नियम लागू नाही. पोलिसाने विचारताच प्रत्येकाने ओळखपत्र दाखविलेच पाहिजे, अशी सर्वसाधारण तरतूद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत नाही. अदखलपात्र गुन्हा पोलिसासमक्ष करणाऱ्याने किंवा तसा आरोप असलेल्याने नाव-पत्ता नाकारला, तरच त्या संहितेच्या कलम ३९ खाली अटक होऊ शकते, आणि खरे नाव-पत्ता समजताच त्यास बंधपत्रावर सोडावयाचे असते.

तिसरी गोष्ट म्हणजे ओळख देण्याचे कर्तव्य एकतर्फी नाही. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले दंडक आता संहितेच्या कलम ३६ मध्ये आले आहेत. त्यानुसार अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा मेमो तयार करून त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष घेतली पाहिजे. अटकेची कारणे सांगणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे, हीही बंधने आहेत. गावातील शिक्षक, सरपंच किंवा पंचायत सदस्य यांच्यावर असा साक्षीदार होण्याचा प्रसंग येऊ शकतो. मेमोवरील वेळ व तारीख तपासल्याशिवाय त्यांनी सही करू नये.

गावपातळीवर लक्षात ठेवावयाच्या बाबी

बापाच्या नावावरील बंदूक मुलाने राखणीला नेणे ही ग्रामीण भागात सर्रास होणारी चूक. परवाना व्यक्तीला मिळतो, घराला नव्हे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने, आणि तेही दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा खुद्द धारकाचा वापर यांसाठीच, दुसऱ्यास शस्त्र नेता येते. ‘गावात सर्वजण ओळखतात’ हे कारण बदलून आलेल्या नव्या शिपायापुढे उपयोगी पडत नाही.

शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगीही नव्हे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे बंधन ठासणीच्या बंदुकीलाही तेवढेच लागू आहे.

कोयता, विळा, काठी यांविषयी मात्र अकारण भीती बाळगू नये. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू शस्त्र अधिनियमातील ‘शस्त्र’ या संज्ञेत मोडत नाहीत. तथापि, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी किंवा पोलीस आयुक्तांनी मनाई आदेश काढला असेल, तर त्या मुदतीत बंदुकीबरोबरच काठी-लाठी बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. असे आदेश पंचायतीच्या फलकावर लावले व शाळेत वाचून दाखविले, तर कित्येक गैरसमज टळतील.

लोकसभा व विधानसभा निवडणुकांत मतदानाच्या दिवशी मतदान केंद्राच्या आसपास शस्त्र घेऊन फिरणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १३४ख खाली गुन्हा आहे. कर्तव्यावरील पोलीस व निवडणूक अधिकारी यांना तो लागू नाही. इतरांच्या बाबतीत शिक्षेबरोबर परवानाही रद्द होतो.

परवानाधारकाने एवढे करावे : परवाना शस्त्रासोबत ठेवावा, मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा, बंदूक खोळीत न्यावी, थांबविले असता तिला हात न लावता आधी परवाना दाखवावा, आणि तो जवळ नसेल तर नाव-पत्ता खरा सांगावा. नाव सांगणे ही गुन्ह्याची कबुली नव्हे. अटक टाळण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. बंदूक जप्त झाल्यास तिचा क्रमांक, प्रकार आणि काडतुसांची संख्या यांची नोंद असलेली पावती मागून घ्यावी. पोलीस शिपायानेही परवाना पाहून झाल्यावर त्या नागरिकास विनाकारण खोळंबून ठेवू नये. परवान्याचा कागद एकाने दाखवावयाचा आणि दुसऱ्याने तपासावयाचा, एवढा साधा व्यवहार नीट पार पडला, तर रात्रीच्या अंधारात समोरासमोर आलेली ती दोन माणसे एकमेकांना न घाबरता आपापल्या वाटेने जातील.