तिकीट स्वस्त, गाडी महाग: हुपरीहून विज्ञान-वारशाची सहल

सहलीची चिठ्ठी घरी आली की पालक आधी रक्कम बघतात. संग्रहालयाचं तिकीट तर किरकोळ, मग एवढे पैसे कशाचे? बहुतेक गाडीचे. म्हणून बचतही गाडीतच शोधावी.

एका दिवसाची सहल

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती आहे. रोमन व्यापाराच्या काळातलं हे ओतकाम. घरात चांदी आटताना पाहिलेल्या हुपरीच्या पोरांना विचारा, ही कशी ओतली असेल? कणेरी मठावरच्या सिद्धगिरी संग्रहालयात लोहार, कुंभार, सुतार हत्यारांसह कामाला बसलेले दिसतात. टाउन हॉल सोमवारी बंद असतो.

शाळेच्या सहलीला एसटी प्रासंगिक करारावर निम्म्या भाड्यात मिळते. मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन इचलकरंजी, कागल किंवा कोल्हापूर आगारात जा. करारात किमान किलोमीटरचे पैसे भरावेच लागतात, गाडी तेवढी फिरो वा न फिरो. म्हणून दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी करा.

डोईचा हिशेब

समजा, गाडीचं बिल 8,000 रुपये आलं. 44 जागांत 40 मुलं आणि 4 शिक्षक बसले, तर मुलामागे 200 रुपये. आयत्या वेळी 8 मुलं गळाली, तर तेच 250. तिकिटात पाच-दहा रुपये वाचवण्यापेक्षा गाडी भरण्याकडे लक्ष द्या. पट कमी असेल तर शेजारच्या शाळेला सोबत घ्या. डबा घरचाच बरा.

मुंबईला जायचं तर

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र 1985 पासून सुरू आहे. आवारात वाफेचं इंजिन आहे आणि 1964 साली बंद झालेल्या मुंबईच्या ट्रामचा डबाही. शाळेच्या गटाला तिकिटात सवलत मिळते. त्रिमिती चित्रपटाचे पैसे मात्र वेगळे धरा. हातकणंगल्याहून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रीत जाता येतं, म्हणजे जातानाचा मुक्काम वाचतो.

रेल्वेत अभ्यास सहलीला दुसऱ्या वर्गात आणि शयनयानात 50 टक्के सवलत आहे. ग्रामीण सरकारी शाळांना वर्षातून एकदा दुसऱ्या वर्गात 75 टक्के मिळते. हुपरीत आता नगरपरिषद आहे, त्यामुळे 'ग्रामीण' सवलत इथल्या शाळेला लागू होते का, हे अर्जाआधीच विचारून घ्या. रेंदाळ, यळगूडच्या सरकारी शाळांनी तर ती जरूर मागावी. सवलतीचा आदेश आधी, आरक्षण नंतर.

चिठ्ठीत काय लिहावं

गाडी, तिकीट, जेवण आणि अडीअडचणीची रक्कम असे चार आकडे वेगळे मांडा. सोबत संमतीपत्र जोडा आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख आगारात रक्कम भरण्याच्या आधीची ठेवा. म्हणजे गळालेल्या मुलांचा भार उरलेल्यांवर पडणार नाही.