चौकातील मुले आणि त्यांची बातमी

दिल्लीत सिग्नलचा दिवा लाल होताच थांबलेल्या वाहनांच्या रांगांत काही मुले शिरतात. कोणाच्या हातात वृत्तपत्रे, कोणाच्या हातात पेन, तर कोणाच्या हातात फुले असतात. दिवा हिरवा होण्यापूर्वी जेवढे खपेल तेवढीच कमाई. त्यातही वृत्तपत्र हा विलक्षण नाशवंत माल आहे. आज न खपलेला अंक उद्या रद्दीच्या भावाने जातो. हा तोटा कोणी सोसायचा?

याच प्रश्नावर 1899 च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कमधील वृत्तपत्र विकणाऱ्या मुलांनी संप पुकारला. 1898 साली स्पेनशी युद्ध सुरू असताना खप वाढला आणि शंभर अंकांचा घाऊक दर 50 सेंटवरून 60 सेंट झाला. युद्धानंतर इतरांनी तो उतरवला; पुलित्झर यांच्या 'वर्ल्ड'ने आणि हर्स्ट यांच्या 'जर्नल'ने मात्र कायम ठेवला. मुलांनी ही दोन्ही पत्रे विकण्याचे नाकारले. सुमारे दोन आठवड्यांनी तडजोड झाली. दर तोच राहिला, पण न खपलेले अंक परत घेण्याचे मालकांनी मान्य केले.

आपल्याकडे डॉ. अब्दुल कलाम यांनी बालपणी रामेश्वरम येथे वृत्तपत्रे वाटली, हे अभिमानाने सांगितले जाते. त्या वेळी ते शाळेतही जात होते, हे सांगायचे मात्र राहून जाते.

दिल्लीत 1990 च्या दशकाच्या आरंभी 'बटरफ्लाइज' या संस्थेच्या साहाय्याने रस्त्यावर राबणाऱ्या मुलांनी 'बाल मजदूर युनियन' स्थापन केली. तिला नोंदणी मिळाली नाही. 1926 च्या कामगार संघटना कायद्यानुसार सभासदाचे वय किमान 15 वर्षे असणे आवश्यक होते. गंमत पाहा, 1986 च्या बालकामगार कायद्याने केवळ ठरावीक कामांवरच बंदी घातली होती. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाने चौकात राबण्यास आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती एकत्र येऊन दाद मागण्यास! बालकांचा संघटनेचा हक्क मान्य करणारा संयुक्त राष्ट्रांचा 1989 चा करार भारताने 1992 मध्ये स्वीकारला, तरी हा पेच सुटला नाही. 14 वर्षांखालील मुलांच्या जवळपास सर्वच कामांवर बंदी आली ती 2016 च्या दुरुस्तीने. तीतही शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या व्यवसायात मदत करण्याची सवलत आहेच.

संघटनेची वाट अडली, तेव्हा मुलांनी दुसरी वाट काढली. 'चेतना' या संस्थेच्या आधाराने उभ्या राहिलेल्या 'बढते कदम' या मुलांच्या संघटनेने 2003 साली दिल्लीत 'बालकनामा' हे हिंदी वृत्तपत्र सुरू केले. ज्या मुलांना लिहिता येत नाही, ती 'बातूनी' वार्ताहर होतात. बातूनी म्हणजे बोलके. ती पाहिलेले सांगतात आणि लिहिता येणारी ते उतरवून घेतात. मारहाण, बुडवलेली मजुरी, व्यसने, बालविवाह हे त्यांचे विषय. रेल्वेमार्गावरील मृतदेह उचलण्यास पोलीस मुलांना जुंपतात, ही त्यांची बातमी मोठ्या वृत्तपत्रांनाही घ्यावी लागली. 'वंचितांसाठी' लिहिणाऱ्या अनेक लेखण्यांपेक्षा ही लेखणी अधिक विश्वसनीय वाटते, कारण येथे साक्षीदार आणि लेखक एकाच फलाटावर झोपलेले असतात.

वार्ताहराने 18 वर्षे पूर्ण केली की त्याने जागा सोडावी आणि धाकट्या मुलाला ते काम शिकवून जावे, असा तेथील रिवाज आहे.